नर्सबाईंच्या वह्या आणि माझी कमांड

मला राग फार लवकर येतो, आणि यंत्रावर तर जास्तच. माणूस थापा मारत असला तर निदान तोंडाकडं बघून कळतं. कॉम्प्युटर एका ओळीत तुम्हाला फाइल दाखवतो आणि पुढच्याच ओळीत म्हणतो, अशी फाइलच नाही. तिथं माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात यंत्राची चूक काढायची मला फार हौस होती. जवळजवळ वर्षभर मी तेवढं एकच काम मन लावून केलं.

नळदुर्गात हायवेला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका अंगाला पंक्चरवाला, दुसऱ्या अंगाला ढाबा. मोठा ट्रक गेला की टेबलावरचे स्क्रू जागचे हलतात. आमच्याकडं कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, तेही कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून उतरवलेलं, व्हायरससकट. मी मात्र लिनक्सवाला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करत बसलो की दुकानात आलेलं माणूस आपोआप आवाज खाली घेतं. खोटं कशाला बोलू, मला ते लई आवडायचं. एखादी कमांड गरज नसतानाही दोनदा द्यायचो.

अणदूरला एक नर्सबाई राहतात. उपकेंद्रातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी आसपासच्या गावांत, वस्त्यांवर, तांड्यांवर शेकड्यांनी बाळंतपणं केली. सरकारी रजिस्टर वेगळं, ते दवाखान्यात जमा व्हायचं. पण बाईंची स्वतःची एक वही असायची. घरी आल्यावर हात धुऊन आधी त्यात लिहायचं, मग चहा. आईचं नाव, गाव, मुलगा की मुलगी, वार, तारीख, घड्याळात बघितलेली वेळ, आणि खाली एक-दोन ओळी. अशा एकवीस वह्या भरल्या होत्या.

या वह्यांची किंमत बाहेरच्या माणसाला कळायची नाही. आमच्या भागात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, वाढदिवस एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारायचं, जन्म कधीचा, आणि आईनं सांगायचं, ज्वारी काढायला आलती तवाचा. नाहीतर, देव नळदुर्गाला गेलता तवाचा. आमचा खंडोबा वर्षातले थोडे दिवस नळदुर्गात राहतो आणि बाकीचे अणदुरात, त्यामुळं अणदूरच्या बायांना असं सांगणं सोपं जातं. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे आणि एक जून लिहायचे. पुढं लग्नाची गोष्ट निघाली, पत्रिका मांडायची म्हटलं, की खरा दिवस आणि खरी वेळ लागायची. ती फक्त नर्सबाईंकडं. लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. बाई वही काढायच्या, बोट फिरवायच्या आणि सांगायच्या, बुधवार, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. नर्सबाईनं सांगितलं म्हटल्यावर पुढं कुणी शंका काढत नसे. जोशीबुवाही नाही.

वह्यांना वाळवी लागली तेव्हा बाई माझ्याकडं आल्या. झेरॉक्स काढून ठेवू का, विचारायला. मी म्हटलं, "बाई, झेरॉक्सलाबी वाळवी लागंल. कॉम्प्युटरात घाला. तिथं वाळवी येत न्हाय."

मीच त्यांना एक जुना कॉम्प्युटर जमवून दिला. त्यावर लिनक्स घातलं. मराठी टाइप करायला शिकवलं. दोन हिवाळे बाई एका बोटानं टाइप करत होत्या. मधूनच दुकानात फोन यायचा, "अरे, 'ज्ञ' कुठं गेला?" मी सांगायचो. एकवीस वह्या त्यांनी एका लांबलचक तक्त्यात उतरवल्या आणि मला म्हणाल्या, "आता ह्या वह्यांचं काय करू? वाळवी कपाटाला बी लागायली."

मी म्हटलं, "जाळून टाका की."

इतक्या सहज म्हटलं. बाईंनी त्या हिवाळ्यात रोज सकाळी अंघोळीच्या पाण्याच्या बंबात वह्या घातल्या. नंतर त्यांनीच मला हसत सांगितलं, की पेटायला लई चांगल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. अपडेट चालू असताना लाइट गेली, आणि लाइट आल्यावर काळ्या पडद्यावर नुसती एक ओळ. मी मोटारसायकलवर जाऊन कॉम्प्युटरचा डबा घेऊन आलो. टाकीवर ठेवून, पुढं धरून. बाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "संबाळून ने बाबा, आता त्याच्यातच हाय सगळं." मी म्हटलं, "बाई, हे अर्ध्या तासाचं काम आहे."

काम तसं माहितीतलंच होतं. लिनक्समध्ये सगळ्या फोल्डरांचं एक मूळ असतं, त्याला रूट म्हणतात. सगळं त्याच्या पोटात. सिस्टिम बिघडून चालू होईना झाली, तर पेनड्राइव्हवरची धडधाकट सिस्टिम चालू करायची, आजारी डिस्क तिला जोडायची, आणि मग एक कमांड द्यायची, चेंज रूट. म्हणजे चालू सिस्टिमला सांगायचं, आता तुझं मूळ हे नव्हे, त्या आजारी डिस्कला मूळ धर. मग आपण त्या आजारी घरात शिरल्यासारखं आतून काम करू शकतो. मी हे पन्नास वेळा केलं असेल.

त्या सकाळी कमांड दिली आणि उत्तर आलं, बॅश चालवता येत नाही, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. बॅश म्हणजे आपण टाइप केलेलं ऐकून घेणारा प्रोग्राम. तो नसेल तर आत जाऊन उपयोग नाही. मी डिस्कवर बघितलं. बॅश जागेवर होता, पूर्णच्या पूर्ण. परत कमांड दिली. परत तेच. मी पडद्याला शिवी दिली. ढाब्यावरच्या माणसानं वळून बघितलं.

चूक काय असते ते मला ठाऊक होतं. बॅश असतो, पण त्याला चालायला ज्या लायब्ररी, म्हणजे मदतनीस फायली, लागतात त्यातली एखादी नसते, आणि निरोप मात्र असा येतो की बॅशच नाही. पाहुणा दारात उभा असावा, त्याला आत घेणारं कुणी घरात नसावं, आणि आपल्याला सांगण्यात यावं की पाहुणा आलाच नाही, तसला प्रकार. अपडेट अर्ध्यात तुटल्यामुळं बाईंच्या डिस्कवरची तीच लायब्ररी गेली होती. मी पेनड्राइव्हवरून नेऊन ठेवली. आत शिरलो. मग म्हणायला लागलं, प्रोक नाही, डेव्ह नाही, म्हणजे चालू सिस्टिमचे स्वतःचे फोल्डर. ते बाहेरून जोडून द्यायचं राहिलं होतं, जोडलं. मग इंटरनेटचा पत्ता सापडेना. तो दिला. मग अर्धवट अपडेट पुढंही जाईना आणि मागंही येईना. दुपारचा एक वाजला.

आता सांगायची गोष्ट अशी, की हे सगळं चालू असताना बाईंचा तक्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यांच्या फायली वेगळ्या भागात होत्या, होम म्हणतात त्याला, आणि त्या भागाला काहीही झालेलं नव्हतं. एक पेनड्राइव्ह लावून कॉपी करायला दोन मिनिटं लागली असती. माझ्या दुकानात भिंतीवर मीच पाटी लावलीय, आधी बॅकअप घ्या. गिऱ्हाइकाला मी ती बोट करून दाखवतो. स्वतः मात्र वर बघितलं नाही. मला तक्त्याशी काही घेणंदेणंच नव्हतं. मला त्या एररला हरवायचं होतं.

मग मी ठरवलं, मरू दे ही जुनी सिस्टिम. माझ्या डिस्कवर 'नवा' नावाचं फोल्डर केलं आणि त्यात कोरी सिस्टिम उतरवली. ती नीट चालली की बाईंच्या डिस्कवर टाकायची. आणि बाईंचा तक्ता त्या नव्या सिस्टिममध्ये उघडतो का बघावं, म्हणून प्रोक-डेव्हबरोबर त्यांचा होमचा भागही मी 'नवा'च्या पोटात जोडून दिला. जोडला म्हणजे कॉपी नव्हे. तोच खरा भाग, फक्त दुसऱ्या दारानं दिसणारा. परत चेंज रूट केलं. परत तीच ओळ, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उतरवताना मीच घाईत काहीतरी चुकीचं उतरवलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, हे यंत्र मुद्दाम माझी चेष्टा करतंय. मी म्हटलं, थांब, तुझी मुळासकट वाट लावतो. 'नवा' फोल्डर सगळ्या पोटातल्यासकट पुसायची कमांड दिली. आधी काय-काय जोडलंय ते सोडवायचं असतं. नाही सोडवलं. खटाखट टाइप केलं, एंटर मारला आणि शेजारी चहा प्यायला गेलो.

कोरी सिस्टिम पुसायला अर्धं मिनिट पुरतं. मी चहा पिऊन, पंक्चरवाल्याशी टायरच्या भावावर वाद घालून परत आलो, तरी ते चालूच होतं. पडद्यावर शेकडो ओळी, परवानगी नाही, परवानगी नाही. मला हसू आलं. ते प्रोकचं असतं, ते पुसता येत नाही. मग ओळी थांबल्या, आणि शेवटची ओळ आली. 'नवा'तलं होम पुसता येत नाही, डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी.

होम बिझी का, हा प्रश्न मला पडला. आणि उत्तरही लगेच आलं. होम बिझी होतं कारण ते जोडलेलं होतं. नुसतं रिकामं दार शिल्लक राहिलं होतं. दाराच्या आतलं सगळं गेलं होतं.

मी आत बघितलं. काही नव्हतं. एक ठिपकासुद्धा नाही.

इथपर्यंत जे झालं त्याला मी चूक म्हणतो. मूर्खपणाची, मस्तीची, पण चूक. पुसलेली फाइल लगेच मरत नाही. तिची फक्त नोंद जाते, अक्षरं डिस्कवर पडून असतात, वरून कुणी दुसरं काही लिहीपर्यंत. तिथल्या तिथं प्लग उपटला असता आणि डिस्क पुण्याला जाणकाराकडं पाठवली असती तर तक्ता मिळाला असता, बहुतेक सगळा मिळाला असता. हे मला माहीत होतं. दुसऱ्यांच्या डिस्का मी तशा पाठवल्यात.

मी प्लगकडं बघत उभा होतो आणि फोन वाजला. बाईच.

"काय म्हणतोय आपला पेशंट?"

माझ्या तोंडून निघालं, "बाई, डिस्क गेलेली दिसतीय."

मी हे ठरवून बोललो नव्हतो. पण बोललो. पलीकडनं बाई म्हणाल्या, "बघ बाबा, व्हईल तेवढं कर." आणि फोन ठेवला.

एकदा डिस्क गेली म्हटल्यावर डिस्क जायलाच हवी होती. बाईंचा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणाला असता, घरचंच काम आहे, द्या मी बघतो. आणि त्यानं बघितलं असतं तर त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं, की डिस्क ठणठणीत आहे आणि कुणीतरी गाढवानं फायली पुसल्यात. त्याच्यापुढं माझी काय शोभा राहिली असती. म्हणून मी खुर्चीत बसलो आणि डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्य लिहायची कमांड दिली. त्यानंतर काही म्हणजे काही परत मिळत नाही. या खेपेला मी चहाला गेलो नाही. समोर बसून होतो. दोन तास लागले. प्रत्येक मिनिटाला मला ती थांबवता आली असती.

तीन दिवस डबा दुकानात ठेवून घेतला, फार झटलो असं दिसावं म्हणून. चौथ्या दिवशी कोरी सिस्टिम घालून तो अणदूरला पोचवला. बाईंना मी डिस्कचं काहीबाही सांगितलं, बॅड सेक्टर, कंट्रोलर, लाइटीचा झटका. इंग्रजी शब्द जितके येतील तितके वापरले. बाई मान हलवत होत्या. मग आत जाऊन जेवणाचा डबा घेऊन आल्या. शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळ्या केल्या होत्या माझ्यासाठी, तीन दिवस झटला म्हणून.

"खा," म्हणाल्या. "तोंड कसं झालंय बघ तुझं. अरे, माझ्या हातून बी एक बाळ गेलंय."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"निरोप आलता तांड्यावरनं. पाऊस व्हता. म्या म्हणलं, जरा उघडू दे. तासभर बसले. पोचले तवा उशीर झालता." त्या पदरानं हात पुसत होत्या, हात कोरडे असूनसुद्धा. "भाईर आले आन् त्याच्या बापाला सांगितलं, माझा उशीर झाला, माझ्यामुळं गेलं. त्यानं मारलं असतं तरी म्या खाल्लं असतं. तुझी तर त्यात चूक बी न्हाय. मशीनच गेलं तर तू काय करशील?"

हीच वेळ होती. देवानं ताटात वाढून दिली होती. मी शेंगापोळी खाल्ली. एक नाही, चार खाल्ल्या, आणि चांगल्या झाल्यात म्हणालो.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. लोक बाईंकडं येतच होते. लग्नसराई आली की जास्तच. बाई प्रत्येकीला बसवून सांगायच्या, की डिस्क गेली, लाइटीच्या झटक्यानं गेली, त्या पोरानं लई केलं पण इलाज नव्हता. चाळिशी उलटलेला मी त्यांच्या तोंडी पोरगाच होतो. कुणी म्हणालं की कॉम्प्युटरवाल्यानंच काहीतरी केलं असेल, तर बाई त्यांच्यावर चिडायच्या. हे मला पंक्चरवाल्यानं सांगितलं, त्याची बायको अणदूरची. "तुझी बाजू घेऊन भांडत्यात बघ," तो म्हणाला. मी स्क्रू शोधत टेबलाखाली वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

हिवाळा सरताना त्यांचा कीबोर्ड अडकला म्हणून मी गेलो. ओट्यावर दोन बाया बसलेल्या, मुलीच्या जन्मवेळेसाठी आलेल्या. बाई म्हणाल्या, "ह्यो बगा आला. ह्यालाच विचारा, कसं झालं ते." दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. आणि मी परत सगळं म्हटलं. बॅड सेक्टर, कंट्रोलर, लाइटीचा झटका. पाठ झालं होतं. शाळेतल्या पोरानं प्रार्थना म्हणावी तसं न अडखळता म्हटलं. बाई मधेमधे मान डोलवत होत्या, साक्षीदारासारख्या. माझं मलाच ऐकवेना, पण तोंड थांबेना.

नंतरच्या आठवड्यात मी परत गेलो. काही काम नव्हतं. सकाळची वेळ, बाई अंगणात पापड्या वाळत घालत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सुरुवात चेंज रूटपासून केली. कसं जोडतात, कसं सोडवायचं राहिलं, तसली एरर आली की भलेभले कसे गोंधळतात. बाईंनी हात थांबवला.

"मला त्यातलं काय कळत न्हाय. काय झालं ते सांग."

"मी पुसलं, बाई. रागाच्या भरात पुसलं. डिस्क चांगली होती."

"बरं."

"आणि परत मिळालं असतं. पण तुमच्या भाच्याला कळंल म्हणून मी त्याच्यावर शून्यं लिहिली. मुद्दाम."

बाई पाटावर बसल्या. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असं मनापासून वाटत होतं. त्या पापडीच्या पिठाचे हात समोर धरून नुसत्या बसून राहिल्या. वह्या कुणी जाळायला लावल्या ते त्या बोलल्या नाहीत, बोलायची गरजही नव्हती.

शेवटी म्हणाल्या, "मंग म्या त्या बायांना वरीसभर काय सांगत बसले?"

बाईंनी पिठाचे हात एकमेकांवर चोळले.

"माझ्या शब्दावर इथं लोकांनी लगीनं लावली. म्या कधी एक मिनिट मागंपुढं सांगितलं न्हाय. आन् तुझं खोटं म्या माझ्या तोंडानं दारोदार वाटलं, व्हय रं."

मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "रडू नको, मला त्याचा उपेग न्हाय." हात धुऊन आत गेल्या, एक शंभर पानी वही आणि पेन घेऊन आल्या, आणि पायात चप्पल घातली. "चल. आयांच्या घरी जाऊ. ज्यांना जेवढं याद हाय तेवढं लिहू. लिवायचं तू. आन् प्रत्येक घरात आधी तू सांगायचं, मला सांगितलं तसं. कंट्रोलर फिंट्रोलर न्हाय."

पहिलं घर वेशीजवळचं. एकटी म्हातारी, बाईंच्याच वयाची असेल, दारात शेंगा फोडत बसली होती. बाईंना बघून तिनं सूप बाजूला सारलं, पोतं अंथरलं. पाणी दिलं. मग माझ्याकडं बघितलं.

"सांग," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. वह्या जाळा म्हणून मी सांगितलं होतं, कॉम्प्युटरातलं मी पुसलं, आणि खोटं बोललो. तीन वाक्यं झाली. वर्षभर मी या तीन वाक्यांभोवती किती शब्द रचले होते.

म्हातारी रागावली नाही. "जाऊ दे की," म्हणाली. "माझ्या तिघांची बी लगीनं झाली. त्यांची कार्डं हायती, आधार का काय ते. त्यांना काय कमी हाय?" तिनं दोन शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. मला जरा सुटल्यासारखं झालं. मी वही उघडली, तिघांची नावं विचारली, एकेक करून लिहिली. दिवस तिला मोघम आठवत होते. तेही लिहिले.

वही मिटायला गेलो तर ती म्हणाली, "आन् एक राहिला."

मी विचारलं, "नाव?"

"नाव कुठं ठिवलंय त्याचं. त्यो सकाळी झाला आन् गेला. धाकटीच्या आदी." ती बाईंकडं वळली. "तुमी लिवलं व्हतं नव्हं? मला दाखवलं व्हतं तुमी वहीत. मला वाचता येत न्हाय, पर बोट ठिवून दाखवलं व्हतं, ह्यो तुजा. त्याचं कुटं काय न्हाय दुसरीकडं. फोटू न्हाय, कार्ड न्हाय. तुमच्या वहीतच व्हता त्यो."

मला तेव्हा कळलं, की मी त्या तक्त्याची एकही ओळ कधी वाचली नव्हती. खालच्या त्या एक-दोन ओळींत बाई काय लिहायच्या, ते मी एकदाही विचारलं नव्हतं. असे किती होते त्यात, हेही मला माहीत नाही, आणि आता कुणालाच माहीत होणार नाही.

"लिही," बाई मला म्हणाल्या. 

मी लिहिलं, मुलगा.

"किती येळ व्हता वो त्यो?" म्हातारीनं बाईंना विचारलं. "मला वाटतंय, लई येळ व्हता. घरचे म्हनत्यात, जरासाच व्हता. तुमी घड्याळात बगितलं व्हतं. सांगा की, किती येळ व्हता?"

नर्सबाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, त्या आठवत होत्या. मी पेन धरून वाट बघत होतो. म्हातारी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग बाईंनी डोळे उघडले आणि तिचा हात हातात घेतला.

"मला याद न्हाय गं," त्या म्हणाल्या. "लिवलं व्हतं, म्हनून याद ठिवलं न्हाय."